समुद्राच्या पोटात बघायचं होतं

मी सिरोंचाची. प्राणहिता आमच्या परसामागून वाहायची, आणि चालण्याच्या आधी मी पोहायला शिकले असं माझी आई कोणालाही सांगायची. लग्न करून आलापल्लीला आले तेव्हा पहिले काही महिने मला कळेचना, आपल्याला होतंय तरी काय. घरात त्रास म्हणावा असा नव्हता. नवरा एका लाकूड-ठेकेदाराच्या लॉऱ्यांचा मिस्त्री होता, हातात कला असलेला आणि बोलायला कमी. सासू विधवा, जिभेनं तिखट, पण सुनेच्या ताटात वाढताना हात न आखडणारी. घरात माणसं तीनच, काम बेताचं. तरी माझा पाय एका जागी ठरत नसे. पाणी भरून झालं की पुन्हा घागर उचलायची, झाडलेलं अंगण पुन्हा झाडायचं, आणि दुपारी उगाच लाकडाच्या डेपोच्या रस्त्यावर फाट्यापर्यंत जाऊन परत यायचं.

"पायाले भिंगरी लागली का व तुह्या?" सासूबाई विचारायच्या.

आलापल्लीत कुठेही उभं राहिलं की नजर चार झाडं ओलांडून पाचव्या सागाला आपटायची. नदीकाठी वाढलेल्या माणसाला समोर काहीतरी दूरवर मोकळं लागतं. ते इथं नव्हतं. देश स्वतंत्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, आमचा चांदा जिल्हा नागपूरकडून मुंबईच्या राज्यात गेला म्हणे, पण माझ्या अंगणातून दिसायचं ते तेवढंच.

डाक बंगल्याच्या चौकीदाराची बायको आमच्याकडे ताक न्यायला यायची. साहेब लोक टाकून गेलेले कागद ती फळ्यांवर अंथरायला आणून द्यायची. असंच एक इंग्रजी मासिक आलं, गुळगुळीत कागदाचं. मी त्याची पानं सुटी करून डब्यांखाली घालत होते, आणि एका पानावर माझा हात थांबला. रंगीत चित्र होतं. निळं पाणी, आणि त्या पाण्याच्या आत, पार खोल, एक माणूस आडवा तरंगत होता. तोंडावर काच, पाठीवर दोन नळकांडी, पायात बेडकासारखे पंजे. त्याच्याभोवती पिवळ्या माशांचा थवा. मासे त्याला भीत नव्हते.

नदीत मी किती वेळा पाण्याखाली डोळे उघडले असतील. दिसायचं काय, तर गढूळ उजेड आणि स्वतःच्या हाताचा धुरकट आकार. हा माणूस मात्र स्वच्छ बघत होता. मला कोणीतरी इतक्या वर्षांची फसवणूक दाखवून दिल्यासारखं वाटलं. एवढं सगळं खाली होतं आणि मला ते दिसलं नव्हतं!

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा मी पान त्याच्यासमोर धरलं. त्याला इंग्रजी अक्षरं जोडून वाचता यायची. कंदिलाजवळ बसून तो बराच वेळ ओठ हलवत राहिला.

"हवा दाबून भरली आहे त्या टाक्यायत," तो म्हणाला. "आपल्या टायरात भरतो तशी. अन् तोंडाजवळ काहीतरी व्हॉल्व असन. मानूस तिथूनच श्वास घेते."

"आपल्याले बनवता येईन का?"

"टाकी नाई बनत. फुटली तं मानूस जाते." मग चित्राकडे पाहत म्हणाला, "काचंचं मात्र पाहू."

तेवढं मला पुरे होतं. त्या दिवसापासून मी त्याच्या मागे लागले की मला समुद्रावर जायचं आहे. आमच्यात समुद्र कोणी पाहिलाच नव्हता. तो नेमका कुठल्या अंगाला आहे, तेही मला धड ठाऊक नव्हतं.

काच बनवायला त्यानं आधी लॉरीच्या फुटक्या दिव्याची भिंगासारखी काच घेतली. ट्यूबचं रबर गोल कापून तिच्यात बसवलं, मागून पट्टा लावला. मी हौदात डोकं घातलं तर हौदाचा तळ लाटेसारखा वाकडा दिसला आणि मला मळमळलं. सपाट काच पाहिजे होती. आलापल्लीत सपाट काच मिळणार कुठून? शेवटी त्यानं देवघरातली एक तसबीर खाली उतरवली, चौकट उघडली, काच काढून घेतली आणि तसबीर पुन्हा तशीच टांगली. सासूबाईंची नजर अधू होती. "देवाचा चेहरा आज कसा टवटवीत दिसून राह्यला," त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, आणि आम्ही दोघं माना खाली घालून जेवलो.

सपाट काचेनं हौदाचा तळ असा दिसला की मी डोकं बाहेर काढायलाच तयार नव्हते.

ठेकेदाराचं लाकूड लॉऱ्यांनी बल्लारशाला रेल्वेवर जायचं. नवरा अधूनमधून सोबत जाई. तिथे इंजिनांच्या शेडमधला एक मद्रासी फिटर त्याच्या ओळखीचा होता. दोघं मोडक्या हिंदीत पाने आणि नटबोल्ट यांवर तासन्‌तास बोलत. नवऱ्यानं त्याला आमचा बेत सांगितला. तो फिटर हसेल असं याला वाटलं होतं, पण तो म्हणाला, "माझा साळा हेच करतो." त्याचं गाव रामेश्वराच्या अलीकडे, समुद्राच्या कडेला. साळा शंख काढायला पाण्यात बुडी मारतो. कमरेला दोर आणि पायाला दगड बांधून तो खाली जातो, आणि श्वास संपायच्या आत वर येतो. "इथून मद्रासपर्यंत थेट गाडी. मद्रासला गाडी बदला. थंडी संपल्यावर जा, उन्हाळा तापायच्या आधी. तेव्हा समुद्र झोपलेला असतो."

हे ऐकून मला घरात बसवेना. बल्लारशाच्या त्या रुळावर गाडीत नुसतं बसायचं, की थेट समुद्र! इतके दिवस ते रूळ तिथे होते, आणि आमच्या इकडचे लोक त्यांवरून फक्त वर्ध्याला नाहीतर नागपूरला जात होते.

अडचण सुट्टीची होती. थंडी संपली की लाकडाच्या कामाचा जोर, आणि नेमका तेव्हाच मिस्त्री सुट्टी मागणार. "पाण्याखाली मासे पाह्याले जातो" असं ठेकेदाराला सांगून काय मिळणार होतं? पण ठेकेदार भाविक होता, आणि रामेश्वर हे नाव आमच्या हाती आयतंच आलं होतं. नवऱ्यानं आईला यात्रेला न्यायचं आहे असं सांगितलं. ठेकेदारानं हात जोडले, सुट्टी दिली, आणि "माह्याबी नावानं एक नारळ ठेवजो" म्हणाला.

आता सासूबाईंना न्यावंच लागणार होतं. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पदरानं डोळे पुसले, आणि दुपारी सगळ्या आळीला सांगून आल्या. दोन दिवसांत सगळ्या आलापल्लीला कळलं. बाया यायच्या, सासूबाईंच्या पाया पडायच्या, कोणी तांदूळ देई, कोणी सुपारी. पलीकडच्या वस्तीवरची, टोल्यावरची एक गोंड म्हातारी आली आणि तिनं वेगळंच मागितलं. "समुद्राचं पानी खारट राह्यते म्हनतात. थोडं आनजो, पाहीन म्हंते." मला ती म्हातारी फार जवळची वाटली. एवढ्या सगळ्यांत समुद्राचं नाव काढणारी ती एकटीच होती.

माझी घालमेल मात्र वाढत गेली. सगळे देवाचं बोलत होते आणि मला दिसत होते पिवळे मासे. बेत आपलाच, पण तो आपल्या हातून निसटून दुसऱ्याच वाटेनं चालला आहे असं वाटायचं. त्यातून त्या चित्रातल्या माणसाचा श्वास माझ्या डोक्यातून जात नव्हता. शंख काढणारा एका श्वासापुरता खाली राहतो. मला त्याहून जास्त वेळ राहायचं होतं.

"टाकी नाई तं नाई," मी नवऱ्याला म्हटलं. "नळी तं आहे? तुम्ही वरून पंप मारा."

तो विचारात पडला, म्हणजे मी जिंकले. त्यानं लॉरीचा पायपंप घेतला, लांब रबरी नळी जोडली, नळीचं टोक दातात धरता येईल असं कातून दिलं. गावाबाहेर नाल्याला एक डोह होता. पावसाळा सरून बराच काळ झाला होता, पाणी निवळशंख होतं. एका सकाळी सासूबाई देवळात गेल्या आणि आम्ही डोहावर गेलो.

मी लुगड्याचा कासोटा घट्ट मारला. तरंगून वर येऊ नये म्हणून पोत्यात दगड भरून ते दोरीनं कमरेला बांधलं. काच चढवली, नळी दातात धरली. नवरा काठच्या खडकावर उभा राहून पंप मारू लागला. त्याला पोहता येत नव्हतं. गुडघाभर पाण्यातही तो खडकाला धरून उभा राही.

मी उताराउतारानं चालत खाली गेले. पाणी डोक्यावरून गेलं, आणि मी श्वास घेतला. रबराचा, तेलाचा घाण वास होता, पण श्वास होता! मी खाली एका खडकावर बसले. वरून उन्हाचे पट्टे हलत हलत येत होते. बोटभर लांबीचे मासे माझ्या गुडघ्याशी आले, एकानं माझ्या अंगठ्याला तोंड लावून पाहिलं. झिंगा मागेमागे सरकत कपारीत गेला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझ्या आत सगळं शांत झालं. उठावं, काहीतरी करावं, कुठेतरी जावं असं काहीच वाटत नव्हतं.

आणि हवा बंद झाली.

मी ओढलं तर तोंडात पाणी आलं. नंतर कळलं की नळी पंपाच्या तोंडातून निसटून पाण्यात पडली होती. मी नळी थुंकली आणि कमरेची गाठ सोडू लागले. ओली गाठ सुटेना. डोक्यात ठोके पडू लागले. वर जाता येत नाही म्हटल्यावर एकच सुचलं, ते पोतं काखेत उचललं आणि आल्या वाटेनं तळावरूनच काठाकडे चालू लागले.

चार पावलं गेले असेन, तोच वर खळबळ झाली आणि डोक्यावर दोन पाय दिसले. पायजम्यातले, वेडेवाकडे झाडले जाणारे. माझ्या नवऱ्यानं उडी मारली होती.

बुडणाऱ्या माणसाला समोरून धरायचं नाही, हे नदीकाठच्या पोरांना सांगावं लागत नाही. मी त्याचा एक पाय घोट्यापाशी पकडला आणि तसाच ओढत चालत राहिले. तो दुसऱ्या पायानं मला लाथा मारत होता. माझं डोकं पाण्याबाहेर आलं तेव्हा मी ओरडले की काय केलं, आठवत नाही. त्याला खडकावर उताणा ओढला. दोघंही ओकत, खोकत पडलो.

बोलता येऊ लागल्यावर तो म्हणाला, "मले वाटलं, मगरच ओढून राह्यली."

मला हसू फुटलं. तो हसला नाही. उठून बसला आणि माझ्याकडे पाहत राहिला.

"पोहता येत नाई तं उडी काऊन मारली?" मी विचारलं.

"तुह्या श्वासाचे बुडबुडे थांबले," तो म्हणाला. खिशातून चाकू काढून त्यानं नळीचे तुकडे केले. "आता हे नाई. समुद्र पाहू, देव पाहू, घरी येऊ. पान्यात जायाचं नाव घ्यायचं नाई."

त्यानं आपल्यासाठी उडी मारली हे मला कळत होतं, आणि तरी मी त्याच्यावर धुमसत होते. त्यानंतरचे दिवस वाईट गेले. यात्रेची तयारी जोरात. चिवडा झाला, लाडू झाले, ट्रंकेला नवीन कुलूप आलं. मी सगळं करत होते, पण हातातलं काम अर्ध्यावर टाकून दाराशी जाऊन उभी राहायचे. झोप तुटक. जावं तरी कशाला, असं वाटायचं, आणि जायचा दिवस जवळ येत नाही म्हणून चिडायचे. काच मी लपवून ठेवली होती. ट्रंक भरताना तिला लुगड्याच्या घडीत गुंडाळून तळाशी घातलं.

पूजेची भांडी आत ठेवायला म्हणून सासूबाईंनी ट्रंक उपसली आणि ती काच त्यांच्या हाताला लागली. त्यांनी ती चाचपली, डोळ्यांपाशी नेली. काचेच्या कोपऱ्याला जुन्या कुंकवाचा लाल डाग राहिला होता. तो मलाही कधी दिसला नव्हता.

"हे तं माह्या देवाची काच होय," त्या म्हणाल्या.

मग मी सगळं सांगितलं. चित्र, हौद, फिटरचा साळा, डोह, त्यांच्या मुलाची उडी, सगळं. यात्रा हे निमित्त होतं हेही सांगितलं. आता घर डोक्यावर घेतील म्हणून मी खाली बघत बसले.

त्यांनी काच मांडीवर ठेवली आणि विचारलं, "तो पान्यात उडी मारते? माहा पोरगा?"

"हो."

"लहानपनी आंघोळीले बसला तं रडे." त्या काच पदरानं पुसू लागल्या. "माहं लग्न झालं तेव्हा मले आगगाडी पाह्याची होती. आगगाडी! हे म्हनत, नेईन. वडशाले नेईन, दाखवीन. मंग पोरं झाली, दोन गेली, मंग हेच गेले. आगगाडी मी आता पाहीन, तुह्या माश्यायच्या पायी." थांबून त्या पुढे म्हणाल्या, "नळी नको घेऊ. तो शंखवाला जसा जाते तशी जा. दोर मी धरीन."

संध्याकाळी त्यांनी मुलाला समोर बसवलं. तो तावातावानं बोलला, त्यांनी बोलू दिलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तिले बांधून ठेवशीन तं ते इथीच बुडन. अंगनात." तो उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात नवा, मजबूत दोर होता. लॉरीवर लाकडं आवळायचा. त्यानं तो ट्रंकेशेजारी ठेवला.

बल्लारशाला गाडी आली तेव्हा सासूबाईंनी इंजिनाला हात जोडले. पूर्ण प्रवास त्या खिडकीशी बसून होत्या. मी मात्र डब्यात येरझारा घालत होते. मद्रासला स्टेशन बदललं, गाडी बदलली, आणि पुढच्या दिवशी फिटरच्या गावी उतरलो तर झाडांच्या पलीकडे काहीच नव्हतं. नुसतं निळं, आभाळापर्यंत. सासूबाई म्हणाल्या, "हे कुठी संपते?"

फिटरचा साळा मध्यम वयाचा, काळा, शांत माणूस. बाई पाण्यात उतरणार हे कळल्यावर त्यानं बायकोला हाक मारली, आणि ती खोखो हसत आमच्या होडीत येऊन बसली. पाण्यात कसं शिरायचं, कान दुखले तर काय करायचं, हे त्यानं हातवारे करून दाखवलं. दोराचं एक टोक माझ्या कमरेला आणि दुसरं नवऱ्याच्या हातात. सासूबाईंनी त्या दोराच्या शेपटाला धरलं होतं.

मी उडी घेतली.

काय दिसलं ते मी आजवर अनेकांना सांगितलं आहे, आणि दर वेळी सांगता सांगता कंटाळून सोडून दिलं आहे. पोवळ्याचे दगड होते, फांद्या फुटलेले, जणू पानं गळालेलं रान. त्यांच्यातून हिरवे, निळे मासे दगड कुरतडत हिंडत होते आणि त्या कुरतडण्याचा आवाज मला ऐकू येत होता. पाण्याखाली आवाज असतो, हे त्या चित्रात नव्हतं. एका श्वासाचं किती ते! कान ठणकले, छाती आवळली आणि वर यावं लागलं. होडीच्या काठावरून दोन चेहरे वाकले होते. मी पुन्हा गेले. पुन्हा वर आले, पुन्हा गेले. तो साळा हात करून थांबवू लागला तरी मी ऐकेना. डोहाच्या तळाशी मिळालेली ती शांतता समुद्रात मिळाली नाही. उलट, प्रत्येक बुडीबरोबर वाटायचं की खरं काही आहे ते आणखी थोडं पुढे आहे.

चार दिवस राहिलो. देव झाले, ठेकेदाराचा नारळ झाला, गोंड म्हातारीसाठी बाटलीत पाणी भरून घेतलं. सासूबाईंनीही होडीत पालथं पडून, काच लावून पाण्यात तोंड घातलं. अधू डोळ्यांना काय दिसलं ठाऊक नाही, पण "हालते, सारं हालते," म्हणत होत्या.

परतीच्या गाडीत नवरा खिडकीला डोकं टेकून बसला होता. मला वाटलं, थकला. मग वरंगलच्या आसपास, बाहेर रान सुरू झाल्यावर, तो एकदम म्हणाला, "तू पाह्यलं, आईनं पाह्यलं. काच म्या बनवली, अन् म्याच नाई पाह्यलं."

"तुम्ही काऊन नाई घातलं तोंड?"

"दोर सुटला असता तं?"

त्या उन्हाळ्यात मी त्याला माहेरी नेलं. प्राणहितेत पाणी कमी होतं, वाळूचे पट्टे उघडे पडले होते. रोज सकाळी मी त्याला हातावर आडवा धरायचे आणि हा एवढा माणूस लहान पोरासारखा माझा दंड घट्ट आवळून धरायचा. काठावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. एके दिवशी माझा हात मी हळूच काढून घेतला, आणि त्याला ते कळलंच नाही.

पोहता यायला लागल्यावर मात्र तो आलापल्लीला परत जायचं नाव काढीना. सकाळी पाण्यात, दुपारी पाण्यात. वर येऊन वाळूवर उभा राही, धापा टाकत नदीकडे बघे, आणि मला विचारी, "पल्याड खोल आहे म्हनतात. तिथी काय असन?"